लोर्नाचं शून्य

एडिंबरातल्या लीथ भागात जुन्या दगडी इमारतींना लिफ्ट नाही, आणि बाळं मात्र नेमकी वरच्या मजल्यावरच होतात. अठ्ठावीस वर्षं मी हे जिने चढते आहे. माझं नाव इशबेल, घरोघर जाणारी आरोग्यसेविका. बाळ दहा-बारा दिवसांचं झालं की सुईण निरोप घेते आणि मी दार वाजवते. तिथून पोर शाळेत जाईपर्यंत ते घर माझं. बाळाचं वजन करायचं, लस कधी ते सांगायचं, आईला चार प्रश्न विचारायचे आणि मिळेल तो चहा प्यायचा. गुडघ्यांबद्दल मला कुणी विचारू नये.

लोर्ना गेडिस सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायची. तिच्या दाराच्या मुठीला एक पुठ्ठा लटकत होता: ‘जिना धुण्याची पाळी तुमची.’ हल्ली बऱ्याच इमारतींनी हे काम बाहेर दिलं आहे, पण त्या इमारतीत जुनी रीत अजून चालू होती. आपला जिना धुऊन झाला की पुठ्ठा पुढच्या दाराला अडकवायचा. आठवण करायची नाही, भांडायचं नाही, पुठ्ठा काय ते बोलतो. ज्याच्या दारावर तो आठवड्याहून जास्त राहतो त्याच्याबद्दल खाली काय बोललं जातं ते मला पाठ आहे, कारण तळमजल्यावरची म्हातारी मला अडवून दर वेळी ऐकवायची.

लोर्नाची मुलगी एफी तेव्हा सहा आठवड्यांची होती. दार लोर्नाच्या नवऱ्याने, गॅव्हिनने उघडलं. उंच, लाल कानांचा, अंगात एप्रन. त्याने दूध आणि साखर आटवून वड्या केल्या होत्या, त्याही माझ्यासाठी. माझ्या नोकरीत असे नवरे वर्षाला दोन भेटतात. बाकीचे एक तर घरी नसतात, नाही तर असून टीव्हीसमोर असतात. त्यामुळे गॅव्हिन मला पाहताक्षणीच आवडला, आणि पुढची सगळी चूक तिथूनच सुरू झाली.

दोघं एकाच प्रयोगशाळेत काम करायचे. काय काम, ते गॅव्हिनने मला वडी चघळता चघळता सांगितलं. शेकोटीवरच्या फळीवर एक पोलादी डबी होती, मुठीत मावेल एवढी. ती त्याने माझ्या हातात दिली. आत दोन हिरे टोकाला टोक लावून बसवलेले. त्या टोकांच्या मध्ये डोळ्याला दिसणार नाही एवढा धातूचा कण ठेवायचा आणि डबीचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचे. पृथ्वीच्या पोटात असतो तसला दाब त्या कणावर येतो. मग डबी गारठवायची. काही धातू एरवी अगदी सामान्य असतात, पण असे आवळले आणि गारठवले की त्यांच्यातून वीज बिनअडथळा वाहते. अडथळा कमी नाही, शून्य. ते शून्य शोधण्यात लोर्नाची सहा वर्षं गेली होती. तिच्या नावाची एक डबी बाळंतपणाच्या रजेआधी अर्धवट आवळून ठेवलेली होती आणि आता ती गॅव्हिन सांभाळत होता.

“तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही,” तो म्हणाला. “मी स्क्रू फिरवला की हिरा फुटतो. तिने फिरवला की फुटत नाही.”

लोर्ना सोफ्यावर बसली होती. केस विंचरलेले, अंगात इस्त्रीचा सदरा, मांडीवर एफी. मी विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला तिने नीट उत्तर दिलं. हसायच्या जागी हसलीही. खोली इतकी आवरलेली होती की मला माझ्या बुटांची लाज वाटली.

मग मी फॉर्म काढला. आमच्याच शहराचं नाव असलेला हा फॉर्म जगभर वापरतात. दहा प्रश्न, प्रत्येकाला चार उत्तरं, शून्यापासून तीनपर्यंत गुण. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण भीती वाटली का, झोप लागली का, रडू आलं का. जितके गुण जास्त तितकी आई खचलेली. बाळंतपणानंतर शंभरातल्या दहा-बारा बायका अशा खचतात, आणि वेळेवर कळलं तर बहुतेक सगळ्या उभ्या राहतात. वेळेवर कळलं नाही तर काय होतं ते मी एकदा ग्रँटनमध्ये पाहिलं आहे. त्या गल्लीतून मी आजही जात नाही, वळसा घालते.

नियम असा की फॉर्म आईने एकटीने भरायचा. नवरा, सासू, मैत्रीण, कुणीही जवळ नको. हा नियम मी नव्या मुलींना शिकवते, वर त्यांनी तो मोडला तर झाडतेही. आणि त्या दिवशी मी गॅव्हिनला उठवलं नाही. त्याने एवढ्या वड्या केल्या होत्या. वाईट माणसाला बाहेर जा म्हणणं सोपं असतं, चांगल्या माणसाला म्हणताना जीभ अडते. शिवाय मला पुढे सहा घरं होती. लोर्नाच्या हातात बाळ होतं, म्हणून गॅव्हिननेच प्रश्न मोठ्याने वाचले आणि ती सांगेल तिथे खूण केली. पाच मिनिटांत काम आटोपलं.

बेरीज शून्य.

गॅव्हिन खूश झाला. “तीसपैकी शून्य. आमच्या लोर्नाला आयुष्यात पहिल्यांदा शून्य मिळालं, आणि तेही पहिल्या नंबराचं.”

मी हसले. लोर्नाही हसली. मी नोंदीत लिहिलं: ‘गुण ०. आई उत्तम. घरचा आधार चांगला.’ आणि जिना उतरले. सहा आठवड्यांच्या पोराच्या आईला शून्य? माझी आई असती तर म्हणाली असती, रात्री तीनदा उठणाऱ्या बाईला सात दिवसांत एकदाही रडू आलं नाही तर ती बाई नाही, कपाट आहे. हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाळांची वजनं करायच्या दिवशी गॅव्हिन एकटाच एफीला घेऊन दवाखान्यात आला. लोर्ना झोपली आहे म्हणाला. एफीचं वजन छान वाढलं होतं. मी बाळाच्या लाल पुस्तकात ते लिहिलं, तर गॅव्हिनने पिशवीतून आणखी एक वही काढली. जाड पुठ्ठ्याची, चौकटीच्या पानांची, प्रयोगशाळेत वापरतात तसली.

“ही लोर्नाची. हिच्यापुढे तुमचं लाल पुस्तक म्हणजे पोरखेळ.”

खरंच होतं ते. किती वाजता दूध, किती मिनिटं, कोणत्या बाजूला, लंगोट कधी बदलला, आंघोळीच्या पाण्यात किती थंड किती गरम, रडली तर कशाने गप्प झाली. डाव्या खांद्यावर घेऊन खिडकीपाशी उभं राहिलं की झोपते. निळी टोपी आवडत नाही, पिवळी चालते. बारीक, सरळ अक्षर, एकही खाडाखोड नाही.

“आमच्याकडे वही अशीच ठेवावी लागते,” गॅव्हिन अभिमानाने म्हणाला. “उद्या प्रयोग दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्याला एकही प्रश्न विचारायची गरज पडता कामा नये.”

मी वाहवा केली. पानं उलटता उलटता माझं लक्ष रात्रीच्या नोंदींकडे गेलं. दोन वाजून दहा: झोपली आहे. दोन पन्नास: झोपली आहे, श्वास मिनिटाला अडतीस. तीन पस्तीस: झोपली आहे. सव्वाचार: झोपली आहे. पोर झोपलेलं, आणि पोराची आई दर पाऊण तासाला घड्याळ बघून त्याचे श्वास मोजते आहे. मी मागची पानं पाहिली. तीन आठवडे रोज तेच.

“गॅव्हिन, ही झोपते कधी?”

“आता झोपली आहे ना,” तो म्हणाला. त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. विजेचा केसाएवढा चढउतार टिपणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या आठवड्यात मी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा लोर्नाने उचलला, दोन्ही वेळा सगळं छान होतं. आवाज इतका नीटनेटका की मला पुढे काही विचारता आलं नाही. फोनवर कुणाला काही विचारून उपयोग नसतो, चेहरा दिसत नाही. मग पुढच्या मंगळवारी दुपारी मी न कळवता गेले. इकडून चालले होते, म्हटलं डोकावावं. ही थाप आमच्या धंद्यात सगळ्या मारतात आणि कुणालाही खरी वाटत नाही.

पुठ्ठा अजून त्यांच्याच दारावर होता.

लोर्नाने दार उघडलं. तसाच इस्त्रीचा सदरा, तसंच हसू. पण हसू दारापुरतंच होतं, खोलीत येईपर्यंत उरलं नाही. मी चहाला हो म्हणाले. तिने किटली लावली आणि तिच्यासमोर उभी राहिली. पाणी उकळून किटली आपोआप बंद झाली तरी उभीच. मग मीच चहा केला. एफी खिडकीपाशी पाळण्यात जागी होती, छताकडे बघत होती. लोर्ना तिच्याशी काही बोलत नव्हती. तिची वही मात्र पाळण्याशेजारी उघडी होती आणि तिच्यावर पेन्सिल.

काय विचारावं, कसं विचारावं, याची जुळवाजुळव करते आहे तोच जिन्यात धडाधड पावलं वाजली. गॅव्हिन. प्रयोगशाळेतून सायकल हाणत आला होता, घामाने निथळत.

“लोर्ना, गेलं! तुझं शून्यावर गेलं!”

मला वाटलं कुणी मेलं. मग तो माझ्याकडे वळून भराभर सांगायला लागला. लोर्नाच्या डबीचा दाब त्याने काल थोडा वाढवला होता आणि आज सकाळपासून डबी गारठवत होता. अडथळा हळूहळू कमी होत होता आणि तासाभरापूर्वी एकदम शून्य झाला. सहा वर्षांची मेहनत, तिच्या कणात तिचं शून्य. फोनवर सांगायचं नव्हतं म्हणून तो धावत आला होता. त्याचे कान पेटल्यासारखे लाल झाले होते.

लोर्ना सोफ्याच्या काठावर बसली होती. तिने मान वर केली. त्या दोन आठवड्यांत पहिल्यांदा मी तिचे डोळे खरोखर कशावर तरी टेकलेले पाहिले.

“एकदम गेलं?”

“एकदम.”

“तारा बघितल्यास?”

गॅव्हिनचा चेहरा जरा उतरला. नाही, तारा बघितल्या नव्हत्या.

मी विचारलं, तारांचं काय? मला खरंच कळत नव्हतं, आणि ती बोलते आहे तर बोलू द्यावी असंही वाटलं. लोर्नाने मला सांगितलं, सावकाश, एखाद्या विद्यार्थ्याला सांगावं तसं. कणाला चार बारीक तारा लावलेल्या असतात. दोन तारा वीज आत सोडतात, दोन तारा अडथळा किती ते मोजतात. दाब वाढला की आतलं सगळं चेपतं, सरकतं. कधी कधी मोजणाऱ्या दोन तारा सरकून एकमेकींना चिकटतात. मग त्या कणाला मोजतच नाहीत, स्वतःलाच मोजतात. यंत्र दाखवतं शून्य. बाहेरून दोन्ही शून्यं अगदी सारखी दिसतात.

“म्हणून शून्य आलं की आधी आनंद करायचा नाही,” लोर्ना म्हणाली. “आधी तारा बघायच्या. नव्या पोरांना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवतो.”

गॅव्हिनने मान खाली घातली आणि प्रयोगशाळेतल्या टोमाझ नावाच्या विद्यार्थ्याला फोन लावला. तारा तपासून मला कळव म्हणाला. पंधरा-वीस मिनिटं लागतील असं त्याने आम्हाला सांगितलं.

मी हातातला कप खाली ठेवला. चहा तसाच होता. मला स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली. ही दोघं शून्यावर विश्वास न ठेवायचं शिकलेली, मीही अठ्ठावीस वर्षं तेच शिकवणारी, आणि आम्ही तिघांनी एका सोफ्यावर बसून वड्या खात एक शून्य डोळे मिटून मान्य केलं होतं. आणि मला भीती वाटली. ग्रँटनला वाटायला हवी होती आणि वाटली नव्हती, ती.

आता तिला एकटीला गाठायचं होतं. गॅव्हिनला जरा बाहेर बसतोस का म्हटलं असतं तर तो काळजीने दाराआड उभा राहिला असता, आणि लोर्नाने पुन्हा त्या दाराकडे बघून उत्तरं दिली असती. माणसाला बाहेर घालवायचं तर त्याला काम सांगावं.

“गॅव्हिन,” मी म्हणाले, “तो पुठ्ठा तुमच्या दारावर किती दिवस आहे रे?”

“तीनेक आठवडे झाले असतील. राहूनच गेलं.”

“राहूनच गेलं? खालची म्हातारी सगळ्या इमारतीला सांगत असते, वरच्या शिकलेल्या लोकांच्या हाताला फडकं चावतं म्हणून.”

एडिंबरात माणसाला कुणी काहीही म्हणावं, पण त्याच्या जिन्याबद्दल बोलू नये. गॅव्हिनच्या मानेपर्यंत लाली उतरली. आत्ता धुऊ का, असं त्याने विचारलं.

“आत्ता. वीस मिनिटं वाटच बघायची आहे ना? बादली घे. आणि तळापर्यंत धू, कठडाही पूस.”

पाळी आपल्या मजल्यापुरतीच असते. पण मला वेळ हवा होता. तो बादली आणि ब्रश घेऊन बाहेर पडला, फोन खिशात टाकून. मी दार लावलं आणि लोर्नाच्या शेजारी बसले. पिशवीतून कोरा फॉर्म काढून तिच्या मांडीवर ठेवला.

“हा मी भरून दिला आहे,” ती म्हणाली.

“दिला आहेस. शून्य आलं होतं.”

बाहेर पाणी ओतल्याचा आणि ब्रश घासल्याचा आवाज येत होता.

“त्या दिवशी मी गॅव्हिनला उठवायला हवं होतं,” मी म्हणाले. “तो माझा नियम आहे आणि मीच मोडला. चूक माझी आहे पोरी, तुझी नाही.”

तिने फॉर्मची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, “तो प्रश्न वाचत होता आणि माझ्याकडे बघत होता. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याच्या तोंडावर आधीच असायचं. मी तेच सांगितलं.”

“आणि तो नसता तर?”

“तरी तेच. हात दाखवून अवलक्षण कशाला? खरं सांगितलं तर तुम्ही एफीला घेऊन जाल.”

“मी? या गुडघ्यांवर मला माझी पिशवी खाली नेता येत नाही, तुझी पोर कुठे नेऊ?”

तिच्या नाकातून हसण्यासारखा एक आवाज आला आणि लगेच डोळ्यांत पाणी. मी तिचा हात धरला. खरं बोलली म्हणून कुणाचं बाळ नेलं, असं मी अठ्ठावीस वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही, हे मी तिला सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा सांगितलेलं अशा वेळी कुणाच्या कानात शिरत नाही. उपचार असतात, औषध असतं, आईला आणि बाळाला एकत्र ठेवतात असा वॉर्डही असतो. मग तिला पेन्सिल दिली आणि मी उठून एफीकडे गेले, म्हणजे मीही तिच्याकडे बघायला नको.

ती बराच वेळ भरत होती. ब्रशचा आवाज एक मजला खाली गेला. मग पेन्सिल थांबली. कुठे थांबली ते मला न बघता कळलं. दहावा प्रश्न. तो प्रश्न विचारताना नव्या मुली इकडेतिकडे बघतात, शब्द फिरवतात. मी फिरवत नाही. फिरवला की समोरच्या बाईला कळतं की आपल्याला उत्तर ऐकायचं नाही.

“लोर्ना, जीव द्यावासा वाटतो का?”

“मी नसले तर या दोघांचं बरं चालेल असं वाटतं.”

“कधी कधी?”

“रोज.”

“काही ठरवलं आहेस का? कधी, कसं?”

“नाही. ते नाही.” ती म्हणाली. “पण तयारी करते आहे.”

मला कळलं नाही. तिने पाळण्याशेजारच्या वहीकडे बोट दाखवलं.

“तिच्यात सगळं आहे. तिला काय आवडतं, कशाने गप्प होते, झोपेत श्वास किती. मी नसले तरी गॅव्हिनला कुणाला काही विचारावं लागणार नाही.”

मी त्या वहीची वाहवा केली होती. दवाखान्यात, गॅव्हिनसमोर. प्रयोग दुसऱ्याच्या हाती गेला तर, असं तो मला म्हणालाही होता, आणि मी मान डोलावली होती. एफीने माझं बोट पकडलं आणि तोंडात घालायचा प्रयत्न केला.

मी वही मिटली आणि माझ्या पिशवीत टाकली. “ही आता माझ्याकडे. गॅव्हिनला एफीबद्दल जे काही लागेल ते तो तुला विचारेल.”

ती रडली. आवाज न करता सुरू झालं, मग आवाजाने. मी फॉर्मची बेरीज केली. बावीस.

दाराची मूठ वाजली. गॅव्हिन बादली घेऊन आत आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला, एका हातात फोन. तो फोनकडेच बघत होता.

“तुझं बरोबर होतं, लोर्ना. तारा चिकटल्या होत्या. खोटं शून्य.”

मग त्याने वर बघितलं. लोर्नाचा चेहरा, तिच्या मांडीवरचा फॉर्म, मी. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधी लोर्नाच बोलली.

“माझंही,” ती म्हणाली. “माझंही खोटं होतं, गॅव्हिन.”

बादलीतलं गढूळ पाणी हिंदकळून त्या लखलखीत फरशीवर सांडत होतं. खोटं का बोललीस, असं तो विचारेल, किंवा मला का नाही सांगितलंस, असं वाटलं मला. नव्याण्णव टक्के नवरे तेच विचारतात आणि बाई पुन्हा मिटते. मी त्याला अडवायच्या तयारीत होते. त्याने बादली खाली ठेवली आणि तिच्या समोर जमिनीवर, त्या पाण्यातच, बसला.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“पहिल्या आठवड्यापासून.”

त्याने मान हलवली. तिचा हात हातात घेतला आणि पुढे काही विचारलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन डॉक्टरला फोन केला, आणि आजच्या आज वेळ द्या, उद्याचं मला सांगू नका, असं जरा वरच्या पट्टीत सांगितलं. चार वाजता वेळ मिळाली. मी त्यांच्याबरोबर गेले. माझी उरलेली घरं त्या दिवशी राहिली आणि त्याबद्दल मी कुणाचंही बोलणं ऐकून घेतलं नाही.

लोर्ना पाच आठवडे त्या मायलेकींच्या वॉर्डात होती, एफी तिच्याच खोलीत. औषध लागू पडायला वेळ लागला, मध्ये एकदा बदलावं लागलं. गॅव्हिन रोज संध्याकाळी बसने जायचा. आधी तोही गोंधळलेला होता. मी त्याला सांगितलं होतं की तिला रोज एफीबद्दल एक तरी गोष्ट विचार, खरोखर माहीत नसलेली. त्याला शोधावं लागलं नाही, कारण त्याला काहीच माहीत नव्हतं. वही माझ्या कपाटात कुलपात होती. तिची डबी गॅव्हिनने ढिली करून बाजूला ठेवली. लोर्ना स्वतःच्या हातांनी पुन्हा आवळेपर्यंत ती तशीच राहणार होती.

आमच्या नोंदी खोडता येत नाहीत, नुसती खाली भर घालता येते. त्यामुळे लोर्नाच्या पानावर ‘गुण ०, आई उत्तम’ हे माझ्या अक्षरात अजून आहे. त्याच्याखाली मी लिहिलं: ‘वरील नोंद पती समोर असताना घेतलेली, ग्राह्य धरू नये. चूक माझी.’ नव्या मुली शिकायला आल्या की मी त्यांना हे पान नाव झाकून दाखवते. एकीने मला विचारलं, लाज नाही वाटत का? वाटते, म्हटलं. म्हणूनच दाखवते.

एफी सात महिन्यांची झाली तेव्हा मी ठरल्या वेळी पुन्हा तो जिना चढले. पायऱ्या ओल्या होत्या, साबणाचा वास येत होता, आणि मधल्या वळणावर गॅव्हिन गुडघ्यांवर बसून ब्रश घासत होता. मी कठडा धरून त्याच्या बाजूने वर गेले. दार उघडंच होतं. लोर्नाच्या सदऱ्याला इस्त्री नव्हती आणि खांद्यावर गाजराचा डाग होता. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एफी एका पातेल्यावर चमचा आपटत होती.

लोर्नाने भरलेला फॉर्म माझ्या हातात दिला. बेरीज तिनेच करून ठेवली होती. आठ. मी तिच्याकडे बघितलं.

“दोनदा मोजलं,” ती म्हणाली. “तिसऱ्या, उगाच स्वतःला दोष देण्याच्या प्रश्नाला अजून दोन आहेत. ते खरे आहेत.”

आठ मला चालतात. शून्यापेक्षा खूपच बरे. मी ते नोंदीत लिहिलं आणि मग विचारलं, गॅव्हिन बाहेर काय करतो आहे, दारावर पुठ्ठा तर दिसला नाही.

“पाळी खालच्या आजींची आहे,” लोर्ना म्हणाली. “पण मला फॉर्म भरायचा होता ना.”